दादाची अर्धी भाकर

नार्नूरच्या रस्त्यावर घुंगरं वाजली तशी मी तव्यावरची भाकर उतरवली आणि मोडून अर्धी केली. दादा, माझा थोरला भाऊ, निजाम सरकारच्या डाकेचा हरकारा. उटनूरहून टपालाची थैली खांद्यावर टाकून तो पळत यायचा, भाल्याला बांधलेली घुंगरं मला चुलीपाशी ऐकू यायची. आदल्या दिवशी डाक आलीच नव्हती. मी म्हटलं, नाल्याला पूर आला असंल. पण दारात उभे होते ते दादाच्या जोडीचे हरकारे, किसनभाऊ. भाला दादाचा, घुंगरं दादाची. "बाई, खाली बस अगुदर," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले... मग डोळे पुसून थैली उचलली. डाक थांबत नाही ना! मी भाकर हातात धरून तशीच उभी राहिले.

तसा दादा लहानपणी भारी खादाड. डाकेवर लागला तेव्हा पहिल्याच दिवशी झुणक्यासंगं दोन भाकरी हाणल्या, वर तांब्याभर ताक प्याला आणि सुटला. वाटेत बरगडीखाली अशी चमक भरली, की गडी थैलीवर पालथा! तेव्हापासून त्यानं पोटाला वळण लावलं. पळायच्या आधी अर्धी भाकर नि मिरचीचा ठेचा, पाणी घोटभर. ताक, आंबील सगळं परतल्यावर. उरलेली अर्धी भाकर मी वाडग्याखाली झाकून ठेवायची, ती तो परत येताना खायचा. मला त्याचा असा राग यायचा!

"गडीमाणूस ना तू? चिमणीवानी काऊन खाऊन राह्यला?"

"पोटभर खाल्लं तं कुशीत चमक भरते माय. मंग थैली काय तू नेशीन?"

चमक तरीही भरायचीच कधीमधी. त्यावर त्याचा उपाय ठरलेला. बसायचं नाही, पाय हळू करायचे, बरगडीखाली अंगठा रुतवायचा, थोडं वाकायचं आणि चूल फुंकल्यासारखा लांब श्वास सोडायचा. विहिरीवरून घागर आणताना माझ्या कुशीत दुखलं, तर मलाही त्यानं तेच करायला लावलं. वर हसला, "आता तू बी हरकारी झाली!"

शेवटचा आला तेव्हा अंगठा बरगडीखालीच होता. अर्ध्या भाकरीलाही हात लावला नाही. अंग तापलं होतं. मी म्हटलं, "दादा, आज नको जाऊ रे, पड जरासा." तर म्हणाला, "चमक हाय वं. चालता चालता जाते ती." दुसरा कोणी असता तर कण्हत खाटेवर पडला असता, आम्ही बैलगाडीत घालून आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं असतं. पण दादाची या दुखण्याशी उभ्या जन्माची ओळख. त्याला वाटलं, हे तेच. पळणाऱ्याला पळून जाणाऱ्या दुखण्याची भीती वाटत नाही हो... तिथंच घात झाला. किसनभाऊंना तो मोहाच्या झाडाखाली सापडला, वाकलेला, थैली मांडीवर. गाडी दवाखान्यात पोचायच्या आत संपला. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलं होतं, दुखणं चार-सहा दिवसांचं असावं.

महिना होत आला. घुंगरं अजून वाजतात, आता ती किसनभाऊंची. मला कळतं, तरी हात भाकर मोडतो. अर्धी वाडग्याखाली जाते आणि संध्याकाळी मी ती गाईला घालते. मला स्वतःला ती खाववत नाही.

काल घागर घेऊन चढ चढताना कुशीत चमक भरली. आपसूक अंगठा बरगडीखाली गेला. वाकले, चूल फुंकावी तशी फुंकले, हळूहळू चालत राहिले. बाभळीपर्यंत आले आणि चमक गेली. पार गेली. मी घागर तिथंच टेकवली आणि भर रस्त्यात हंबरडा फोडला.

माझी गेली रे दादा... तुझी काऊन नाही गेली?