मळमड्डीतल्या बोटीची गळती

हुबळीच्या गोकुळ रोडवर पुंडलिक बेणचेकरकडे गाडी आणणारा प्रत्येक माणूस आधी बोलणी खायचा, मगच त्याचं काम व्हायचं. अळणावरजवळच्या खेड्यातून धारवाडला येऊन पुंडलिकनं आयटीआय केलं. पंधरा-सोळा वर्षं एका कारखान्यात प्रेस सांभाळला आणि पंच्याण्णव साली स्वतःची पत्र्याची शेड टाकली. टिपरचे जॅक, जेसीबीच्या तेलाच्या रबरी नळ्या म्हणजे होज, ट्रॅक्टरची लिफ्ट, जिथं तेलाच्या दाबावर काही उचललं जातं ते सगळं तो दुरुस्त करायचा. ते वापरणाऱ्या माणसांची मात्र त्याला किळस होती. तेल कमी झालं की हे लोक वरून तेल ओततात. गेलं कुठं, हे एकाच्याही डोक्यात येत नाही, असं तो ज्याच्या त्याच्या तोंडावर म्हणायचा.

दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये श्रीहर्ष कित्तूरकर नावाचे धारवाडचे वकील शेडमध्ये आले. पांढरा शर्ट, काळा चष्मा.

"अण्णा, बोटीचं काम करता काय?"

"कशाचं?"

"मोटरबोट. जुनी आहे, गोव्याहून घेतली. धरणाच्या बॅकवॉटरला जागा घेतलीय, तिथं पाहुण्यांना फिरवायचा बेत आहे. पण मागचा पाय वर राहत नाही, गोव्याच्या मेकॅनिकलाही गळती सापडली नाही. संध्याकाळी उचलून ठेवला की सकाळी खाली आलेला असतो. खाली तेलाचं थारोळं."

"मग काय करता?"

"तेल घालतो की. ब्रेक ऑइल."

पुंडलिकनं हातातला पाना बाकावर ठेवला आणि वकिलांकडे नीट पाहिलं. "वकीलसाहेब, तुमच्याकडे न्याय मागायला येतात ती माणसं सुखरूप घरी जातात काय?"

श्रीहर्ष हसले. आपली थट्टा झाली हे त्यांना कळलंच नाही, आणि त्यामुळे पुंडलिकच्या मनातून ते आणखी उतरले.

दुसऱ्या दिवशी तो धारवाडच्या मळमड्डीत, वकिलांच्या घरी गेला. गल्लीत आठ दिवसांतून एकदा नळाला पाणी यायचं. घरोघरी पिंपं, घागरी, बादल्या मांडलेल्या, आणि कित्तूरकरांच्या अंगणात ट्रेलरवर वीस फुटी पांढरी बोट! शेजारचे निवृत्त मास्तर कंपाउंडवरून म्हणाले, "पाणी कधी सोडणार ते आधी महापालिकेला विचारा हो." पुंडलिकला पहिल्यांदाच कुणाबद्दल तरी, त्या मास्तरांबद्दल, आदर वाटला.

बोटीच्या पाठीला लोखंडी-अल्युमिनियमचा एक जाड पाय लोंबत होता, टोकाला पंखा. दोन्ही बाजूंना दोन हायड्रॉलिक दांडे, तेच त्याला वर-खाली करत. टिपरचंच धाकटं भावंड, पुंडलिकनं मनात म्हटलं. पायाखाली लाकडी ठोकळा देऊन त्यानं तो पक्का टेकवला, मग खाली वाकला. उजव्या दांड्याचा रबरी होज तडकलेला, तेलानं चिंब. त्याच्या टोकावरून थेंब पडत होता.

"झालं," तो म्हणाला. "पाच मिनिटांत दिसलं. गोव्यातल्या शहाण्यांना दिसलं नाही?"

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. "पुंडलिक बेणचेकर ना रे तू?"

वर पाहिलं तर अंबूताई कित्तूरकर. धारवाडहून रोज रेल्वेनं अळणावरच्या हायस्कुलात येऊन विज्ञान शिकवणाऱ्या बाई. दहावीत त्याला वर्गात उभं करून "तुझ्या डोक्यापेक्षा हात बरे आहेत, आयटीआयला जा" म्हणाल्या होत्या. हे वकील त्यांचा मुलगा, हे त्याला आत्ता कळलं.

"होय बाई."

"बघ बाबा. आमच्याकडे या बोटीला समजणारं कुणी नाही. पोरालाही नाही."

पुंडलिकनं दोन्ही होज नवे करून आणून बसवले. सगळं ब्रेक ऑइल काढून टाकलं. त्या तेलानं दांड्यांची सीलं फुगली होती, तीही बदलली. योग्य तेल भरलं, पाय वर-खाली करत आतली हवा काढली, पाय पूर्ण वर ठेवला आणि बाईंसमोर हात पुसत म्हणाला, "आता दहा वर्षं बघायला नको."

सकाळी श्रीहर्षचा फोन आला. पाय खाली. थारोळं होतं तिथंच.

मळमड्डीपर्यंतच्या बसमध्ये पुंडलिकनं कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि शेजारच्या निरपराध म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. अंगणात पोचल्यावर श्रीहर्ष म्हणाले, "थोडं तेल घालून बघू काय?" आणि पुंडलिकच्या तोंडून एक कानडी शब्द निघाला, जो बाईंसमोर निघायला नको होता.

"साकु," बाई म्हणाल्या. "पुरे. आधी सगळं पुसून काढ. रॉकेलनं. मग कोरडं कर."

"कशाला? होज नवे आहेत."

"मला ते माहीत नाही. पूस."

त्यानं पुसलं. बाई आतून खडूची पेटी घेऊन आल्या, पाट्यावर खडू वाटून पूड केली आणि त्याच्या हातात दिली. "सगळ्या जोडांवर लाव. आता मोटर चालव."

पुंडलिक पोटावर पडून बघत राहिला. पाय वर चढला. नवे होज पांढरे शुभ्र, कोरडे. मिनिटभरानं वरच्या बाजूला, जिथं तेल आणणारा पोलादी पाइप एका पट्टीखालून धातूच्या ठोकळ्यात शिरत होता, तिथं खडू काळपट झाला. मग ओली रेघ पाइपावरून खाली सरकली, होजवर उतरली, आणि त्याच्या टोकाशी थेंब होऊन लोंबू लागली.

होज गळत नव्हताच. तो फक्त गळतीच्या खाली होता. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं पट्टीआड पाइप सडून त्याला सुईएवढं भोक पडलं होतं. पट्टी सोडली असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

बाईंनी उरलेली पूड त्याच्यापाशी ठेवली आणि आत गेल्या. दोन शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला झालं.

पाइपाचे नट गंजून दगड झाले होते. शेजारी अल्युमिनियम, म्हणून ज्योत लावता येईना. त्यानं तीन दिवस गंज सोडवणारं तेल सोडलं, मग नटाला सगळीकडून धरणारा पाना घालून केसाकेसानं फिरवलं. आटे परदेशी मापाचे होते, हुबळीत मिळणारे नव्हते, म्हणून जुने नटच जपून काढले. शेडमध्ये नवा पोलादी पाइप त्याच वळणात वाकवला, नट ओवले, तेल सुटू नये म्हणून टोकं भोंग्यासारखी फुलवली. बसवल्यावर पुन्हा पुसलं, पुन्हा खडू लावला. या वेळी न सांगता. दोन दिवस पाय वर राहिला आणि जमीन कोरडी.

मे महिन्यात बोट बॅकवॉटरला उतरली. पाणी ओसरलेलं, जागोजाग बुडालेल्या झाडांचे खुंट. पुंडलिकला पोहता येत नव्हतं. तो मागच्या बाकाला दोन्ही हातांनी धरून बसला. एका खुंटापाशी श्रीहर्षनी बटण दाबलं, पाय झटकन वर आला, पंखा वाचला. काठावर उतरल्यावर ते मित्रांना सांगू लागले, "गोव्याच्या मेकॅनिकला सापडला नाही, लीक शेवटी मीच शोधून काढला."

"खोटं बोलतोय," अंबूताई छत्रीखालून मोठ्यानं म्हणाल्या. मित्र हसले. श्रीहर्षही हसले. पुंडलिकनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि या माणसावर रागावण्यातही आपला वेळ जातो असं वाटून पाण्याकडे तोंड फिरवलं.

परतताना जीपमध्ये बाई शेजारी होत्या. हल्याळ मागे पडल्यावर म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी पट्टी का नाही सोडलीस रे?"

पुंडलिकनं नखातलं काळं तेल खरवडलं.

"माज, बाई."

"हं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

दोन वर्षांनी वकिलांनी बोट कारवारच्या कुणाला तरी विकली. पुंडलिक पुढेही गिऱ्हाइकांना बोलतच राहिला, शेड बंद होईपर्यंत. फक्त आता आधी पाइप पुसायचा, मग बोलायचा.