भाजीला निघालेला अंतराळवीर

पेठ रोडवरच्या चहाच्या टपरीवर आम्ही त्यांना अंतराळवीर म्हणायचो. खरं नाव कधी विचारलंच नाही. साठीचे गृहस्थ, जुनी मोटारसायकल, वेग चाळिसाच्या आत. पण रोज सकाळी भाजी आणायला निघताना अंगावर हेल्मेट, जाड जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांना गार्ड आणि घोट्यापर्यंत बूट. चहाला थांबले की एकेक पट्टा सोडत बसायचे. तोवर आमचा दुसरा कप व्हायचा.

"काका, मेथीच्या जुडीसाठी एवढं चिलखत?" मी विचारायचो. माझं हेल्मेट गाडीच्या आरशाला टांगलेलं असायचं. पोलीस दिसला की डोक्यावर चढायचं. काका नुसते हसायचे आणि पुढचा पट्टा सोडायचे.

परवा टपरीसमोरच एका पिकअपमधून टोमॅटोचे दोन क्रेट रस्त्यावर पडले. मागून येणारे काका त्या लगद्यावरून घसरले आणि पार दुभाजकापर्यंत फरफटत गेले. आम्ही धावलो. ते नखशिखांत लाल झाले होते. कोणीतरी ओरडलं, "रक्त!"

काकांनी शांतपणे हेल्मेटची काच वर केली. "टोमॅटो आहे हो."

जॅकेटची बाही कोपरावर फाटली होती, आतलं कोपर शाबूत होतं. मी हात देऊन उठवलं, तेव्हा त्यांनी माझ्या गाडीच्या आरशाकडे पाहिलं. "तुम्ही पडला असता, तर रक्त कुठलं नि टोमॅटो कुठला, हे निवडत बसावं लागलं असतं."

माझं घर तिथून दोन गल्ल्या पुढे. तरी निघताना मी हेल्मेट घातलं. हनुवटीखालचा पट्टा काही केल्या लागेना. काका चहा पीत मजेत बघत होते. या खेपेला दुसरा कप त्यांचा झाला.