ठकीची खळ

वडगावात घरोघरी माग, आणि मागाच्या घरात मांजर हौसेपायी कोणी पाळत नाही. ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या सुताला खळ लावावी लागते, आणि खळ म्हणजे तांदळाच्या कण्या शिजवून केलेली पेजच की. उंदीर सूत कुरतडत नाहीत, पंगतीला बसतात. दुर्गाबाईच्या मागावरचा एक ताणा त्यांनी असाच फस्त केला. लढाईचे दिवस, सूत कंट्रोलचं, मोजूनच मिळायचं. सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं तिच्या नवऱ्याला, सुबरावला, उंबऱ्यातच बजावलं, "हा दुसरा ताणा. ह्याचं वाटोळं झालं तर फुडचं सूत शहापुरात दुसऱ्याच्या घरी जाईल, मग माझ्या नावानं बोंबलू नगंस."

म्हणून दुर्गाबाईचा भाऊ भरमा निपाणीहून पोत्यात घालून ठकीला घेऊन आला.

ठकी जन्मली तंबाखूच्या वखारीत. तिथले हमाल भाकरीबरोबर भाजलेलं सुकट खायचे आणि उरलंसुरलं हिच्या पुढ्यात टाकायचे. इथं दुर्गाबाईची सासू जयाबाई माळकरी. सुकटाचं नाव काढलं तरी म्हातारी गळ्यातली माळ चाचपायची.

पहिल्या दिवशी दुर्गाबाईनं दुधात भाकरी कुस्करून ठेवली. ठकीनं दूध तेवढं चाटलं, काला तसाच ठेवला आणि चिखलात पाय पडल्यागत एकेक पंजा झटकत निघून गेली. दुसऱ्या दिवशी ताक-कण्या केल्या. ठकीनं वास घेतला आणि ताटलीभोवतीची जमीन उकरू लागली, घाण झाकतात तशी. दुर्गाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेले, वखारीत जन्मलीस का राजवाड्यात?" मग आमटीत कालवलेला भात झाला, पातळ पिठलं झालं. ठकी चुलीपाशी बसून नुसती बोंबलायची.

परड्याच्या दगडी गडग्यावरून शेजारीण अक्काताई बघत असायची. "दुर्गाक्का, नवऱ्याला कधी इतकं इचारलं न्हाईस गं, काय खातोस म्हणून."

"नवरा घालंल ते गिळतोय. ह्या बाईचं नखरं बघ."

सुबरावचं म्हणणं, "ऱ्हाऊ दे उपाशी. भूक लागली की धरंल उंदीर." पण भूक लागली की ठकी गडगा ओलांडून अक्काताईकडं जायची. तिथं सुकट शिजायचं. एकदा गेली की रात्रभर तिकडंच, आणि इकडं आढ्यावर उंदरांची पळापळ. ठकीनं घरचं खाल्लं तरच ती घरी राहणार, आणि ती घरी राहिली तरच ताणा राहणार, हे दुर्गाबाईला पक्कं कळून चुकलं होतं.

मग एकदा नव्या ताण्यासाठी खळ शिजवली. कण्या मऊ आटवल्या, वर गोडेतेलाची धार सोडली, कुंच्यानं ताण्यावर फिरवली. तळाशी खळ उरलेलं भांडं विसळायला घेणार तोच ठकीनं आत कानापर्यंत तोंड खुपसलं. भांडं लख्ख झालं. दुर्गाबाई बघतच राहिली.

"अवं, खाल्लं बघा! खळ खाल्ली!"

"खाऊ दे की मग," मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसलेला सुबराव म्हणाला.

त्या दिवसापासून ती रोज मूठभर कण्यांची खळ वेगळी शिजवायची, दुधाचे चार थेंब घालायची, कोमट करून द्यायची. रेशनच्या तांदळातलं मांजराला, म्हणून जयाबाई पुटपुटायची. पण ठकीचं अक्काताईकडं जाणं बंद झालं. मागाखालीच मुटकुळं करून निजायची. उंदरांचा आवाज थांबला.

आणि एका सकाळी ताण्याच्या काठाचे धागे तुटलेले निघाले.

"आलं परत," सुबराव कपाळावर हात मारून म्हणाला.

दुर्गाबाईनं सापळा लावला. काही सापडलं नाही. लेंडी शोधली, तीही नाही. धागे मात्र रोज तुटत गेले, तुटायच्या आधी पिंजल्यागत व्हायचे. एका दुपारी ती रहाटावर कांड्या भरत बसली होती. सुबराव बाहेर गेलेला. ठकी उठली, अंग ताणलं, पुढचे दोन पंजे मागावर ठेवले आणि ताणा चाटायला लागली. सावकाश, डोळे मिटून, सणाला जेवल्यासारखी.

दुर्गाबाईच्या डोक्यात उजेड पडला. हे आपणच शिकवलं.

सुबरावला कळलं तेव्हा तो हसला का रडला, त्याचं त्यालाच ठाऊक. "म्हंजी रोज तू तिला ताणाच वाढत हुतीस की गं! सांग भरमाला, घेऊन जा म्हणावं उद्याच्या उद्या."

"आणि उंदीर? ते तुम्ही धरनार?"

ताटलीतली खळ बंद केली, तर ठकी जास्तच चाटायला लागली. हाकललं, तर पाठ फिरायची वाट बघत बसायची. दुर्गाबाईच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. "गिळ म्हटलं ते गिळंना, आणि नगं म्हटलं तेच गिळती! काय करू गं ह्या सटवीला?"

जयाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सुबराव लई मोठा झालता, तरी अंगावर प्यायचं सोडंना. चारचौघांत पदर ओढायचा. मग कडुलिंबाचा पाला वाटून लावला मी. एकदा तोंड कडू झालं, परत फिरकला न्हाय."

खड्ड्यात सुबरावनं मान खाली घातली. दुर्गाबाईचा रहाट थांबला.

"आत्ती, खळीत घालू?"

"ताण्याला रंग बसंल की," सुबराव ओरडला.

"हिरवाच हाय न्हवं ताणा?"

पाला वाटला, रस गाळला, खळीत मिसळून ताण्यावर फिरवला. ठकी आली, एक जीभ लावली. तोंडाला फेस आला, ती शिंकली, आणि दुर्गाबाईकडं तिनं असं बघितलं की दुर्गाबाईलाच मेल्याहून मेल्यागत झालं. मागाकडं ती पुन्हा गेली नाही.

मागावरचं पातळ पुरं झालं. व्यापाऱ्यानं उलटंपालटं करून बघितलं, वास घेतला आणि पुढचं सूत दिलं.

"एक ध्यानात आलं का?" सुबराव नव्या ताण्याकडं बघत म्हणाला. "उंदीरबी फिरकत न्हाईत आता. कडू लागत असंल त्यांना. मग ह्या बाईसाहेबांचं काम काय ऱ्हायलं?"

चुलीवर दोन भांडी होती, एक कडू खळीचं, एक साध्या खळीचं. ठकी दुर्गाबाईच्या लुगड्याचा काठ नखांनी ओढत बोंबलत होती.

"काम?" दुर्गाबाई फणकारली. "माझा जीव खायचं!"

हातातला डाव आपटून तिनं साधी खळ ताटलीत ओतली. वाफा येत होत्या. मग खाली उकिडवी बसून ती फुंकर मारायला लागली.