विहिरीजवळची पन्हळ

“आडनाव काय म्हणालीस?”

वाड्याच्या ओसरीवर बैठक चालली होती. विचारणारे मूळ मालकांचे नातू. मोशीकडच्या गावठाणातला हा वाडा आता नागरी सुविधा केंद्र होणार, आणि हे सल्लागार म्हणून खुर्चीत. मी आर्किटेक्टच्या ऑफिसातली, मापं घेऊन नकाशे काढणारी. मी आडनाव सांगितलं.

“हां, मग बरोबर. तुमच्या लोकांना सगळीकडे तेच दिसतं.”

सगळे हसले. आमचे सरही. मीसुद्धा ओठ फाकवले, त्याची लाज अजून जात नाही.

भांडण नकाशातल्या एका ओळीचं होतं; तीच ओळ पुढे वाड्यातल्या पाटीवर जाणार होती. मागच्या अंगणात विहीर. विहिरीला लागून भिंत, आणि भिंतीतून आरपार गेलेली दगडी पन्हळ. पहिल्या नकाशात मीच तिथे लिहिलं होतं, ‘पावसाच्या पाण्याचा निचरा’. सगळे तसंच लिहितात. थेरगावला घरी आल्यावर आत्याला सहज मोबाइलवर फोटो दाखवला. ती वाड्याच्याच गावात लहानाची मोठी झालेली. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला.

“व्हय, हितंच. आमी भाईर हांडा धरून उभ्या. आतनं बाई पानी वतायची. तिचं मन झालं तर. आमाला इहिरीला हात लावाया न्हाई.”

माझ्या अंगाची आग झाली. दोन दिवस टेप लावून भिंत मोजली मी. आतल्या बाजूने पन्हळ कमरेएवढ्या उंचीवर आहे, हेही मोजलं. आणि कळलं नाही. शिकून काय उजेड पाडला?

दुसऱ्या नकाशात मी लिहिलं, ‘अस्पृश्यांना बाहेर पाणी देण्याची पन्हळ’. तोच नकाशा बैठकीत होता.

सरांनी लाल पेनाने ओळ खोडली. वर ‘निचरा’ लिहिलं. कागद माझ्याकडे सरकवला.

“अगं, झाकली मूठ राहू दे. कर सही.”

पेन हातात घेतलं. मग विचारलं, “सर, पावसाचं पाणी कमरेएवढं चढून भिंतीबाहेर जातं का?”

सरांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

नातू म्हणाले, “तुला काम करायचंय की राजकारण?”

“काम. म्हणूनच सही करत नाही.”

मी उठले. बसची वाट न बघता चालत सुटले. फार मोठा पराक्रम केला असं काही वाटलं नाही. नोकरी जाईल याची भीती होती. भीती आजही आहे, एका जागी बसवत नाही. सर रोज फोन करतात, मी उचलत नाही.

नकाशावर महापालिकेने लोकांच्या हरकती मागवल्या आहेत. सोमवारी आत्याला घेऊन जाणार. ती सांगेल, मी लिहीन, खाली दोघींच्या सह्या. हरकत फेटाळली तर पुन्हा देईन. नोकरी जायची तर जाऊ दे. तिथे पाटी लागेल ती खरी लागेल, नाहीतर मी रोज जाऊन लोकांना तोंडाने सांगेन.