कबऱ्याला कबरा नको

उभ्या सातारा-सांगलीत कुत्रा आणि कुत्र्याचा मालक या दोघांनाही एका नजरेत कापरं भरवणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती माझ्या मुलीची सासू आहे. आमच्या विहीणबाई कराडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर लोक स्वतःचे गुडघे सांभाळतात. यांनी दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे खुबे सांभाळायला घेतले. संगमावर फिरताना समोरून लॅब्रॅडॉर आला की त्या मालकाला थांबवून म्हणतात, "जरा पुढं चालून दाखवा, मला मागून बघायचंय." मालक बिचारा लाजतो. बघायचा असतो तो कुत्रा, आणि तो पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो म्हणजे खुब्यात खोट आहे, हे ऐकून त्याचा चेहरा उतरतो. सांगलीत आमच्या शेजाऱ्यांना आपल्या पगच्या घोरण्याचं भारी कौतुक होतं. विहीणबाईंनी बैठकीतलं गाणं ऐकावं तसं डोळे मिटून ते ऐकलं आणि म्हणाल्या, "घोरत नाही हो तो. श्वासासाठी झगडतोय." पग पुढंही तसाच झोपत राहिला; झोप उडाली ती शेजाऱ्यांची.

मुलगी बघायला आल्या तेव्हा त्यांनी पत्रिका मागितली नाही. आमच्या भिंगरीची, म्हणजे घरातल्या डॅशहुंडची, आई कशी होती, आजीची पाठ शेवटपर्यंत धड होती का, हे मात्र खोदून विचारलं. मुलीला एकच प्रश्न केला: हिला सोफ्यावरून उड्या मारू देतेस का? लांब पाठीच्या कुत्र्याचे मणके त्यानं सरकतात. मुलगी नाही म्हणाली आणि लग्न ठरलं.

कुणाला कुत्रीची पिल्लं हवी असली की वधूवरांना विहीणबाईंच्या ओसरीवर हजर करायचं, अशी त्या भागात रीतच पडून गेली आहे. सोयरीक त्या जुळवतात म्हणतात; मी बघितल्या त्या सगळ्या मोडल्याच. त्यांचा एक नियम त्यांच्या भांडीवालीलाही पाठ आहे. कबऱ्याला कबरा नको. एका बाजूनं आलेला कबरेपणा देखणा दिसतो, दोन्हीकडून आला की पिल्लू पांढरं पडतं. "रंगाच्या पेशी नुसत्या अंगावर नसतात, व्याहीबुवा. कानाच्या आतही लागतात. त्या नसल्या की कान गेले. कधीकधी डोळेही."

भिंगरी राखाडी कबरी. तिची दोन स्थळं विहीणबाईंनी मोडली होती. इकडे कॉलनीत जो तो तिच्यासारखं पिल्लू मागून ठेवत होता, आणि मला ते आवडत होतं. तिसऱ्या वेळी मी विचारलंच नाही. उंब्रजच्या एका दुकानदाराकडे फिक्या पिवळ्या रंगाचा नर होता. वाटेत कराड आलं तेव्हा मी गाडीच्या काचा वर केल्या. नर बघताना त्याच्या कानामागे राखेचं बोट लागावं एवढा डाग दिसला. मी तिथं हात ठेवला तसा दुकानदार हसला. "आवं, लोण्याचा गोळा हाय निस्ता. देवानंच तीट लावलीया त्याला." मीही हसलो.

चार पिल्लं झाली. एक पांढरंशुभ्र. सुरुवातीला पिल्लांचे कान-डोळे बंदच असतात, सगळी सारखीच बहिरी, सारखीच आंधळी. तेवढे दिवस माझे सुखात गेले. डोळे उघडले तेव्हा पांढऱ्याचा एक डोळा बारीक निघाला. मी कुणी नसताना टाळी वाजवायचो. बाकीची दचकून उठत, त्यांचा धक्का लागून तेही उठे, आणि मी स्वतःची समजूत घालून घ्यायचो. माहेरी आलेल्या मुलीनं फोनवर सासूला पिल्लांचे रंग सांगितले. दुसऱ्याच दिवशी विहीणबाई एसटीनं आल्या, पिशवीत स्वतःचं ताट आणि पळी घेऊन.

जमिनीतून हादरा कळू नये म्हणून त्यांनी वाकळेच्या घड्या अंथरल्या आणि एकेका पिल्लाला त्यावर वेगळं निजवलं. ते गाढ झोपलं की लांबून ताटावर पळी वाजवायची. तिघांनी माना उचलल्या. पांढरं झोपूनच राहिलं. त्यांनी पुन्हा वाजवली, आणखी जोरात. त्याचं पोट संथ वरखाली होत होतं.

"बाप कबरा होता?"

"नाही. फिका पिवळा."

"फिक्या अंगावर कबरेपणा लपून राहतो," त्या म्हणाल्या. "वरून दिसत नाही. तुम्हाला कसा कळणार?"

मला सोडवलं होतं त्यांनी. गप्प बसलो असतो तर आजही मी त्यांच्या नजरेत एक भोळा माणूस असतो. त्या घरात माझी मुलगी नांदते, हेही डोक्यात येऊन गेलं.

"कानामागे डाग होता," मी म्हणालो. "मी पाहिला होता."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पळी पिशवीत टाकली. "हे कुणाच्या गळ्यात घालू नका. मी नेते." बारीक डोळ्याचं काय, असं मी विचारलं. जिल्ह्यातल्या प्रत्येक कुत्र्याचं भविष्य तोंडावर सांगणारी ही बाई म्हणाली, "ते मला आज सांगता येणार नाही." मग वाकळ बाजूला करून त्यांनी फरशीवर बोटांनी हळूच ठोकलं. पिल्लानं मान वर केली.

आता कराडला त्यांच्या घरी सगळे त्याला पाय आपटून बोलावतात, माझी मुलगीसुद्धा. मी गेलो की बहुधा ते दारापाशी झोपलेलं असतं. पाय आपटायला मला धीर होत नाही. मी चपला काढून शेजारी जमिनीवर बसतो, हात त्याच्या नाकापुढे धरतो. विहीणबाई आतून बघतात आणि चहा ठेवतात. वास लागला की ते उठेल, शेपूट हलवेल. तोवर मी बसून राहतो.