काळ्या मातीचं चित्र

माझी धाकटी बहीण नागपुरात चित्रकला शिकून गावी, रोहण्याला परतली. पहिल्याच आठवड्यात तिनं वावरातली काळी माती चाळली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि अंगणात प्लायवूडवर थापली.

"हे काय करून राह्यली वं?" आईनं विचारलं.

"चित्र."

"अन् रंग?"

"हाच रंग हाय, आई."

वाळल्यावर सगळी माती खपल्या होऊन गळून पडली. पुन्हा केलं, पुन्हा पडली. मी नोकरीला वर्ध्यात. सुट्टीला घरी यायचो तेव्हा ती कोपरापर्यंत चिखलात असायची. एकदा तिनं मला हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधून पोतंभर रुईचा कचरा आणायला लावला. भिंत लिंपताना भुसा घालतात, तसा तिनं तो मातीत मळला. ती माती थापलेलं प्लायवूड घराच्या स्लॅबवर नेऊन मधोमध ओल्या गोणपाटाचे कापलेले तुकडे अंथरले.

मे महिन्यातलं ऊन. दुपारी तिनं हाक मारली, "दादा, इकडं ये. आयक."

मी टाकीच्या सावलीत बसलो. बारीकसा 'टक्' असा आवाज आला आणि मातीत एक भेग धावली. थोडी वळली, थांबली. दुसऱ्या कडेनं दुसरी निघाली आणि तिला येऊन मिळाली. जेवायला बोलवायला आलेली आईही पदर डोक्यावर घेऊन तिथंच बसली. आमच्या डोळ्यांसमोर माती फाटत होती आणि बहीण फक्त गोणपाटावर पाणी शिंपडत होती.

गोणपाटाचे ते तुकडे तिनं आठवडाभर ओले ठेवले, मग सावलीत हळूहळू वाळू दिले. उचलले तेव्हा चहूकडे भेगाळलेली जमीन आणि मध्ये एकही भेग नसलेली, कमरेत वाकलेली बाई. कापूस वेचणारी.

आई बराच वेळ पाहत राहिली. "हे मी हाय का?"

"तू अशीच वाकते."

आईनं हात पुढे केला, पण टेकवला नाही.

पुढे वर्ध्याच्या एका चित्रप्रदर्शनात लोक त्या चित्रापुढे हळू आवाजात बोलत होते. एका म्हाताऱ्यानं तर नाक जवळ नेऊन वास घेतला.

आता ते माझ्या घरी आहे. मागच्या उन्हाळ्यात कडेला केसाएवढी नवी भेग दिसली. मी घाबरून बहिणीला फोन केला, "बुजवू का?"

"नोको, दादा," ती म्हणाली. "राहू दे. त्याचं अजून चालू हाय."