बहुधा म्हणणारे माझे दीर

माझ्या थोरल्या दिरांनी आम्हाला जितकी लाज आणली, तितकी एखाद्या दारुड्यानेही घरच्यांना आणली नसेल. आणि तीसुद्धा एकही खोटा शब्द न बोलता. ते वेधशाळेत होते. कुठल्या साली पाऊस वेळेवर आला, कुठल्या साली दडी मारून बसला, ऐन थंडीत समुद्रात वादळ कधी उठलं, अशा जुन्या नोंदी लावायच्या आणि त्यातून काही धागा हाती लागतो का ते बघायचं, हे त्यांचं काम. माझी शाळा चौथीपर्यंत. मला त्यातलं एवढंच कळलं, की जन्मभर आभाळाचा अभ्यास केला की माणूस कशाचीच खात्री देईनासा होतो. आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर म्हणत, "या घासाला आहे." शेजारच्या सासूबाईंनी हौसेने विचारलं, "सुनेला मुलगाच होईल ना हो?" तर यांचं उत्तर, "दोन्ही शक्य आहे." त्या बाईंनी पुढे वर्षभर आमच्याकडे विरजण मागितलं नाही.

अंधेरीच्या आमच्या चाळीला ते फुकटचं पंचांग वाटायचे. "भाऊसाहेब, पापड घालू का आज?" "बहुधा घालावेत." बायका 'बहुधा' सोडून उरलेलं ऐकायच्या. एकदा वैशाखात वळवाने सगळ्यांचं वाळवण भिजवलं. दुसरं कुणी असतं तर दार लावून बसलं असतं. हे दारोदार फिरले, मान खाली घालून, "काल माझं चुकलं." एकीने पापडांचं ताट त्यांच्या हातात ठेवलं, "चुकलं ना? मग द्या वाळवून!" आणि हा शिकलासवरलेला माणूस अख्खा रविवार आमच्या शेगडीपुढे बसून परक्या बाईच्या पापडांना वारा घालत होता. मी नळावर गेले तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझ्या जाऊबाई लवकर गेल्या, त्यांची कुसुम माझ्याच हाताखाली वाढली, आणि आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फत. मी समोर उभी असताना ते म्हणत, "कुसुम, काकूला सांग, छत्री न्यावी." मी म्हणे, "कुसुम, बाबांना विचार, नक्की का?" "कुसुम, काकूला सांग, तसं म्हणता येणार नाही." पोरगी मध्ये उभी राहून नुसती मान इकडेतिकडे करायची.

तिला दहिसरचं स्थळ आलं. चांगलं होतं, आणि दुसरं कुठलं येत नव्हतं. बैठकीत मुलाच्या वडिलांनी रिवाज म्हणून विचारलं, "मुलगी आमच्यात रमेल ना?" यावर बापाने एकच शब्द बोलायचा असतो. भाऊजी विचारात पडले. मग म्हणाले, "बहुधा."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मुलाचे वडील पान लावता लावता थांबले. "अहो, पोटच्या पोरीची खात्री नाही तुम्हाला?"

माझे यजमान घाईने म्हणाले, "दादा वेधशाळेत आहेत ना."

"असं होय! मग चालायचंच," म्हणत ते गृहस्थ मोठ्याने हसले, आणि लग्न ठरलं. आम्हीही हसलो. कुसुम आत फळीला टेकून उभी होती, ती हसली नाही.

लग्न मार्गशीर्षात, चाळीशेजारच्या मैदानात. त्या दिवसांत क्वचित वादळी पाऊस येतो म्हणून भाऊजींनी सगळ्यांशी वाद घालून मांडवावर जाड ताडपत्री घातली. पावसाचा थेंब आला नाही. आत मात्र इतकं उकडलं, की भटजींनी मंगलाष्टकं धावत म्हटली आणि नवरदेवाचं गंध नाकावर आलं. पंगतीत मुलीच्या बापाने आग्रह करत फिरायचं, हे हात जोडून प्रत्येक पानापुढे थांबत होते, "पाऊस आला नाही, क्षमा असावी." शेवटी एक म्हातारे व्याही कळवळून म्हणाले, "नाही आला तेच बरं झालं हो! जिलबी वाढायला सांगा!"

निघताना कुसुमने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "बाबा, माझं नीट होईल ना तिथे?" सासरची मंडळी टॅक्सीजवळ ऐकत उभी होती. मी मनात म्हटलं, आता हा माणूस पोरीला काय सांगतोय देव जाणे.

"होईल," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

टॅक्सी गेली. मध्ये बोलायला आता कुणी उरलं नव्हतं. चोरी करताना पकडल्यासारखा चेहरा करून ते थेट मला म्हणाले, "मी नक्की म्हणालो हो तिला. कशाच्या आधारावर म्हणालो?"

पुढे ती माहेरी आली की ते तिच्यासमोर बसत नसत. खांबाआडून तिचा चेहरा बघत आणि निघून जात. तिचा संसार चारचौघींसारखाच झाला. नवरा बरा, सासू तिखट, एक मूल गेलं, दोन जगली. त्या एका शब्दाची लाज त्यांनी शेवटपर्यंत बाळगली.

एकदा दोघी भाजी निवडत बसलो असताना मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "काकू, बाबा खोटं बोलताहेत हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्यासाठी बाबा खोटं बोलले, त्यावर तर मी पहिली वर्षं काढली."

तोवर भाऊजींना जाऊन बराच काळ झाला होता.